रेडिओ वाडीवर, आरडाओरडा घरी

आमच्या घरातून जपानशी बोलायचं असेल तर शेजारच्या सुंदररावांचा इन्व्हर्टर बंद असावा लागतो, समोरच्या पिठाच्या गिरणीत गिऱ्हाईक नसावं लागतं आणि रुक्मिणीबाईंची साडी माझ्या तारेवर वाळत नसावी लागते. या तिन्ही गोष्टी परळीत एका वेळी जुळून आल्याचं मला तरी आठवत नाही. सूर्यग्रहणं त्याहून जास्त वेळा झाली असतील.

माझा छंद हौशी रेडिओचा. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा आणि मग घरातल्या यंत्रावरून, छतावर ताणलेल्या तारेच्या जोरावर जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं. मध्ये ना मोबाइल, ना कंपनी. आता बोलायचं काय? तर "तुमचा आवाज मला येतोय, माझा तुम्हाला येतोय का?" बहुतेक वेळा एवढंच. हमीदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे कधी पटलं नाही. तिचं म्हणणं असं, की एवढ्या आपुलकीनं मी तिला कधी विचारलेलं नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो. गल्ली मला अशफाक सर म्हणते आणि मान देते. म्हणजे रेडिओ येईपर्यंत देत होती. प्रत्येक परवान्याला काही अक्षरांची खूण असते. माझ्या खुणेतलं पहिलं अक्षर 'व्ही', आणि खरखरीत ते नीट कळावं म्हणून 'व्हिक्टर' असं ओरडून सांगावं लागतं. महिनाभर ते ऐकल्यावर रुक्मिणीबाईंनी हमीदाला गच्चीवर गाठून हळूच विचारलं, "भाभी, हा विक्टर कोण हो? सर रोज हाका मारतेत, पर येताना तर कवा दिसला न्हाई."

रुक्मिणीबाईंचे यजमान सुंदरराव वीज खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे तार दिसली की त्यांना मत सुचतं. एका संध्याकाळी कठड्यावरून वाकून ते म्हणाले, "सर, तुमी असं करा. रेडिओ ठिवा शेतात. तिथं ना इन्व्हर्टर, ना गिरणी. आन तुमी बसा हितं घरात पलंगावर. लोक पुण्यात बसून मोबाइलवर गावाकडची मोटर चालू करायलेत. तुमाला एक रेडिओ चालू करता येईना का?"

हा सल्ला आपण दिलाच नाही, असं सुंदरराव आता कुणाचीही शपथ घेऊन सांगतात. पण दिला त्यांनीच. आणि तो बरोबर होता, हीच तर त्यातली वाईट गोष्ट. इंटरनेटवरून असा लांबचा रेडिओ चालवतात. मी घरच्या कॉम्प्युटरपाशी बोलायचं, ते बोलणं इंटरनेटनं शेतातल्या यंत्रात जायचं, तिथून तारेवर, तारेवरून जगात. आणि जगाचं उत्तर त्याच वाटेनं परत माझ्या कानात. सुंदररावांचा इन्व्हर्टर खुशाल गुरगुरत राहो.

शेत कुणाचं, हा प्रश्न नव्हता. सिरसाळ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक वाडी आहे, तिथला धोंडीराम माझा शाळासोबती. मी त्याला म्हटलं, "धोंडीराम, तुझी विहिरीवरची खोली दे."

"कावून बे?"

"रेडिओ ठेवायचाय."

"एका रेडिओला तुझ्या घरात जागा न्हाई? का भाभीनं हाकललं?"

समजावून सांगितल्यावर तो हो म्हणाला. त्याची बायको छबुबाई मात्र सहजासहजी हो म्हणणारी नव्हती. "भाऊजी, ह्या मशिनीनं म्हस आटायची न्हाई ना?"

"नाही वहिनी."

"आन पाऊस?"

"पावसाचा काही संबंध नाही."

"न्हाई, तिकडं टॉवर झाला आन पाऊस गेला म्हणतेत, म्हणून इचारलं." एवढं बोलून त्यांनी यंत्राकडे अशी नजर टाकली, की पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला तर कुणाला धरायचं ते ठरलं.

मग ग्रामपंचायत. तिथले ग्रामसेवक भाऊसाहेब सज्जन होते, पण सज्जनांनाही रकाने भरावे लागतात. "टॉवर म्हणलं तर कंपनीचं नाव पायजे. तुमची कंपनी कोणती?"

"कंपनी नाही. छंद आहे."

"छंदाचा रकाना न्हाई." त्यांनी बराच वेळ कानात काडी फिरवली आणि त्यांना मार्ग सापडला. "सार्वजनिक उपयोगाचा खांब असं लिहू. सार्वजनिक म्हणलं की हरकत बी न्हाई, कर बी न्हाई." मी त्यांचा हात हातात घेऊन आभार मानले. सार्वजनिक या शब्दाचा अर्थ गावाला माझ्यापेक्षा नीट कळतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

खांब उभा करायला अर्धी वाडी आली. ओढणारे कमी, सांगणारे जास्त. "डावीकडं घ्या" म्हणणारा आणि "उजवीकडं घ्या" म्हणणारा यांचं जुनं भांडण होतं म्हणे, त्यामुळे खांब मधेच बराच वेळ डुलत राहिला. शेवटी तो सरळ झाला, चारी बाजूंनी ताण बसले, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. मग छबुबाई म्हणाल्या, "भाऊजी, ही तार कशाला पडलीय हितं?"

ती तारच वर जायची होती. खांब परत आडवा केला. दुसऱ्यांदा टाळ्या झाल्या नाहीत.

खोलीत मी सगळी जय्यत तयारी केली. रेडिओ, छोटा कॉम्प्युटर, यंत्रावर नजर ठेवणारा कॅमेरा, मोबाइलवरून लाइट बंद करता येईल असा प्लग. आणि एक मोठी बॅटरी. शेतातल्या लाइटचा काय भरवसा? "काहीही होवो, माझा रेडिओ आता बंद पडणार नाही," असं मी हमीदाला छातीवर हात ठेवून सांगितलं. कॉम्प्युटरमधली जुळवाजुळव आमच्या आफ्रीननं, म्हणजे मुलीनं, पुण्याहून फोनवर करून दिली. शेवटी ती म्हणाली, "अब्बा, आता कशाला हात लावू नका. म्हणजे वापरा, पण हात लावू नका."

पहिल्याच दिवशी जपान लागला. मी परळीत पलंगावर, रेडिओ वाडीवर, आणि तिकडे योकोहामाचा एक म्हातारा मला सांगतोय की माझा आवाज घंटेसारखा येतोय! आनंदानं मी असा ओरडलो की गिरणीवाला पट्टा थांबवून बाहेर आला. हमीदा दारात उभी राहून सगळं बघत होती. "छान झालं," ती म्हणाली. "रेडिओ गेला वाडीवर, आणि आरडाओरडा राहिला घरी."

दोन महिने मी सुखात काढले. मग एका सकाळी कॅमेरा लावला, तर पडदा पांढरा. धुकं असेल म्हणून थांबलो. दुपारीही पांढरा. चष्मा पुसला, पडदा पुसला, कॅमेरा बंद करून चालू केला. पांढरं ते पांढरंच. शेवटी धोंडीरामला फोन केला.

"ते व्हय," तो म्हणाला. "कापूस हाय तो."

"कुठे?"

"खोलीत. वेचणी झाली. घरात जागा न्हाई आन भाव चढंस्तोर इकायचा न्हाई. तुझं मशीन हाय तिथंच हाय, काळजी करू नको. उलट थंडीचं ऊबंत हाय."

रेडिओ बोलताना तापतो. त्याच्या पाठीला गार हवा घेणारा पंखा असतो, आणि त्या पंख्याच्या तोंडाशी आता धोंडीराम-छबुबाईंच्या वर्षभराच्या मेहनतीचा कापूस छतापर्यंत रचलेला. छबुबाईंनी स्वतः वेचलेला. बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं कशी होतात ते मी पाहिलेलं आहे. मी धोंडीरामला आगीचं समजावलं. तो म्हणाला, "बरं बरं, काढतो की." हे "काढतो की" आमच्या भागात फार मोठ्या मुदतीचं असतं. तोवर आपण फक्त ऐकायचं, बोलायचं नाही, असं मी ठरवलं. नुसतं ऐकलं तर यंत्र तापत नाही.

आणि मी ते पाळलं. त्या रविवारपर्यंत.

रविवारी सकाळी जुन्या वळणाच्या मंडळींचा हवेत मेळा भरतो. एएम नावाची जुनी पद्धत ते वापरतात. तीत आवाज फार गोड जातो आणि यंत्र फार तापतं. मी आपला ऐकत पडलो होतो, तेवढ्यात हैदराबादचे अजीजभाई म्हणाले, "परळीवाले अशफाकमियाँ हैं क्या? भोत दिनां हो गए आवाज़ नईं सुने." आता कुणी नाव घेऊन हाक मारल्यावर तोंड शिवून बसणं आमच्या घराण्यात बसत नाही. फक्त सलाम करायचा आणि बंद करायचं, असं म्हणून मी पडद्यावरचं बटण दाबलं. "सलाम अलैकुम अजीजभाई! आवाज़ एकदम साफ आ रहा है, पीछे जरा खरखर है." आणि बटण सोडलं.

बटण सुटलं नाही. पडद्यावर लाल दिवा तसाच. मी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. तापमानाची पट्टी चढत चढत लाल रंगात शिरली आणि तिथंच गोठली. रेडिओ बोलण्याच्या अवस्थेत अडकला होता आणि माझा एकही हुकूम वाडीपर्यंत पोचत नव्हता.

पण मी काही कच्चा खेळाडू नाही. मोबाइल काढला, तिथल्या प्लगची लाइट बंद केली. 'बंद झाले' असं उत्तर आलं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यावरच अडकला. बॅटरी! काहीही होवो, बंद न पडणारी.

मी धोंडीरामला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. छबुबाईंना लावला. तेच. मी पलंगावर उभा राहून ओरडायला लागलो, "धोंडीराम, फोन उचल की बे! कापूस पेटेल! खोलीतला कापूस पेटेल, बे!"

हमीदा पोळपाट टाकून आली. तिला सांगितलं तशी तिनंही फोन लावून पाहिला. "कसा उचलतील? आज विजयसिंहाचा वाढदिवस नाही का वाडीवर? सगळे तिथं बसले असतील भाषण ऐकत. त्या माणसाला भाषण सुरू करायचं कळतं, बंद करायचं कळत नाही. तुमच्या रेडिओसारखंच!"

विजयसिंह म्हणजे त्या भागातले पुढारी. गेल्या वर्षीच्या वाढदिवसाला धोंडीरामच्या आग्रहानं आम्ही गेलो होतो, सुंदररावांनाही नेलं होतं, त्यामुळे हमीदाचं म्हणणं ऐकीव नव्हतं.

आफ्रीनला फोन केला. ती म्हणाली, "अब्बा, तिथं जाऊन वायर काढल्याशिवाय काही होणार नाही. निघा." गडबड ऐकून सुंदरराव आलेच होते. मी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. कॅमेरा तेवढा चालू होता. "सुंदरराव, हा पडदा पांढरा आहे ना? पांढरा आहे तोवर कापूस ठीक आहे. काळा झाला तर फोन करा."

"तुमी बिनघोर जा सर," सुंदरराव म्हणाले. "मी पापणी हलवत न्हाई."

हमीदाला मागं घेऊन मी स्कूटर काढली. ऊसतोडीचे दिवस. रस्त्यावर जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर एकामागं एक, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर अशी गाणी लावलेली की हॉर्न त्यातलं वाद्य वाटावं. एकाला ओलांडलं की पुढे दुसरा. मागून हमीदा एकदा म्हणायची "जोरात चला" आणि लगेच "हळू, मरायचंय का." दोन्ही तिला मनापासून हवं होतं.

एका ट्रॅक्टरमागे अडकलो असताना माझा फोन वाजला. हमीदानं घेतला. अजीजभाई होते.

"भाभी, सलाम. वो कपास का क्या हुआ?"

"तुमको कैसा मालूम?"

"सब सुन रए ना हम लोगां! अशफाकमियाँ का चिल्लाना सुने, तुम्हारा भी सुने. अभी कोई साहब चावल गरम, चावल ठंडा बोल रए. वो कौन हैं?"

हमीदानं मला ते सांगितलं आणि मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. हुकूम जाणं बंद झालं होतं, पण आवाज जाणं चालूच होतं! माझ्या पलंगापाशी जे जे बोललं गेलं ते वाडीवरच्या तारेवरून सगळ्या दक्षिण भारताला गेलं होतं. हमीदानं मागून माझी बाही ओढली. म्हणाली, "मी विजयसिंहांना काय म्हणाले?"

"भाषण बंद करायचं कळत नाही."

"नाव घेतलं होतं?"

"घेतलं होतं."

"अल्ला," ती म्हणाली. "हैदराबादला त्यांना कोण ओळखतंय म्हणा." या विचारानं आम्हाला जरा धीर आला. आम्ही निघालो. तोच फोन पुन्हा वाजला. सुंदरराव. त्यांचा आवाज मला स्कूटर चालवताना, हमीदाच्या कानाला लावलेल्या फोनमधून ऐकू आला.

"भाभी, पडदा काळा झाला!"

त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. हमीदा मागं काहीतरी पुटपुटत होती, ती दुआ होती. मी समोर आकाशात धूर शोधत होतो. साखर कारखान्याचा धूर दिसला तरी मला वाटे, हाच तो. धोंडीरामला तोंड काय दाखवायचं? छबुबाईंनी म्हैस आटेल का, पाऊस जाईल का, सगळं विचारलं होतं, आणि मी विज्ञानाचा माणूस म्हणून प्रत्येक प्रश्नाला "नाही वहिनी" म्हणालो होतो. आगीचं त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्यावर विश्वास टाकला होता.

वाडी आली. धूर नव्हता. धोंडीरामच्या शेतालगतच्या मोकळ्या रानात मांडव होता, माणसंच माणसं होती. आणि माझ्या खांबावर, मधोमध, एक भलामोठा भोंगा बांधलेला होता. त्याची वायर माझ्या तारेला बिलगून खाली आलेली. आसपास तेवढा एकच उंच खांब आणि तो सार्वजनिक. मग विजयसिंहांच्या पोरांनी दुसरीकडे कशाला बांधावा?

मला एका क्षणात सगळं कळलं. इतक्या जवळून रेडिओची लाट भोंग्याच्या वायरीत शिरली तर बोलणं भोंग्यातून बाहेर पडतं. फिजिक्स मला येतं. पण पहिल्यांदाच ते येत नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

"आले, आले!" मांडवातून कुणीतरी ओरडलं. "भोंग्यातले सर आले!"

मी कुणाकडे न बघता खोलीकडे पळालो. दाराचं कुलूप तोडलेलं होतं. पुढच्या बाजूचा कापूस बाहेर अंगणात ओढून काढलेला, आणि तो सगळा पांढराशुभ्र होता. आत रेडिओची जागा रिकामी. त्या जागेच्या मागचा ओंजळभर कापूस पिवळटून तपकिरी झालेला, भाजलेल्या पापडासारखा. हात लावला तर कोमट होता. एवढाच. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो.

"रेडिओ कुठंय?" हमीदानं विचारलं.

छबुबाईंनी बोट दाखवलं. गुरांच्या हौदात, पाण्याखाली, माझा रेडिओ निवांत पडला होता. शेजारी कॅमेराही. पडदा काळा झाला होता तो असा. एक रेडकू लांबून त्याच्याकडे संशयानं बघत होतं. चष्म्याच्या फडक्यानं मी पुसायचो तो रेडिओ. आणि सांगायला नवल वाटतं, पण मला त्या क्षणी नुसता आनंद झाला. हौदातल्या रेडिओकडे बघून मी हसलो, आणि सगळ्यांना वाटलं की सरांच्या डोक्यावर परिणाम झाला.

काय झालं ते तिथल्या मंडळींनी सांगितलं. एकानं सांगितलं आणि बाकीच्यांनी दुरुस्त केलं. विजयसिंह ऐन रंगात आले होते. हात उंच करून त्यांनी विचारलं, "माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचतोय का न्हाई?" आणि भोंगा म्हणाला, "आवाज़ एकदम साफ आ रहा है, पीछे जरा खरखर है." माणसं हसून लोळली. विजयसिंहांना वाटलं, माइक कुणाच्या तरी हाती गेला. तेवढ्यात भोंगा किंचाळायला लागला, "धोंडीराम, फोन उचल की बे! कापूस पेटेल!" वाडीला वाटलं आकाशवाणी झाली. धोंडीरामला मात्र शाळेपासूनचा आवाज कळला. किल्ली छबुबाईंकडे, छबुबाई भाजी वाढायला. त्या धावत आल्या तर गडबडीत किल्लीच सापडेना. तोवर भोंग्यातून हमीदाचं भाषणाबद्दलचं मत ऐकून झालं, आणि मागोमाग सुंदररावांचं. पडद्याकडे बघता बघता चहा घेऊन आलेल्या रुक्मिणीबाईंना ते गेल्या वर्षीचं सांगत होते, की विजयसिंहांचं बोलणं संपेस्तोर भात असा गार झाला होता, की हातानं फोडावा लागला. शेवटी कुलूप दगडानं तोडलं. छबुबाईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, यंत्र चालूच. मग त्यांनी पदर हाताला गुंडाळला, वायरींसकट यंत्र उपसलं आणि हौदात घातलं.

"लई चटका बसत व्हता भाऊजी," त्या म्हणाल्या. "वायरी तुटल्या जणू." दोन बोटं त्यांनी पदराखाली लपवली होती. हमीदानं त्यांचा हात ओढून बघितला आणि हौदातल्या पाण्यात धरून ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या.

इतक्यात गर्दी बाजूला झाली आणि खुद्द विजयसिंह आले. पांढरे कपडे, गळ्यात अजून हार. मी उठून उभा राहिलो. हमीदानं डोक्यावरची ओढणी नाकापर्यंत ओढली.

"सर," विजयसिंह म्हणाले, "सुंदरराव कोण?"

"आमचे... शेजारी."

"फोन करा त्यांना. म्हणावं, औंदा भात गरम हाय, येऊन हात लावून बघा." मग ते हमीदाकडे वळले. "आन भाभी, मला बंद करायचं कळतंय बरं का. बघा, केलं न्हवं का आज बंद?"

मांडवात असा हशा झाला की खांबावरचे कावळे उडाले. हसण्यात सगळ्यात मोठा आवाज विजयसिंहांचा होता. आणि भाषण निम्म्यात थांबल्याचा आनंद वाडीच्या तोंडावर एवढा उघड होता, की मला दोन-तीन अनोळखी माणसांनी येऊन हात मिळवला.

एकटा धोंडीराम हसत नव्हता. तो लांब, बाभळीखाली, पाठ करून उभा. मी त्याच्याजवळ गेलो. "धोंडीराम, चुकलं माझं. बोलायला नको होतं मी."

तो वळला. डोळे लाल झालेले. "तुझं कसलं चुकलं बे? खोली मीच भरलती. तू सांगितलं तरी काढतो, काढतो म्हणलो." त्यानं हौदाकडे मान केली. "तुझं मशीन पाण्यात घातलं आमी. एवढं जपायचास. म्हणलं, आता ह्यो आपल्याशी बोलायचा न्हाई."

म्हणजे मी त्याला भीत होतो आणि तो मला. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यानं माझ्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. शाळेत भांडण मिटलं की तो असाच घालायचा. तेव्हाही तो लागायचा.

भात खरंच गरम होता. वरण, वांग्याची भाजी, बुंदी. विजयसिंहांनी स्वतः वाढलं, आणि दर वेळी विचारलं, "गरम हाय ना?" जेवण झाल्यावर सगळी वाडी कापूस हलवायला लागली. विजयसिंहांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा होती. गाठोडी बांधायची, डोक्यावर घ्यायची, शेडमध्ये टाकायची. मीही वाहिली. माझ्या इस्त्रीच्या शर्टावर, चष्म्यावर, मिशीवर कापूस बसला. कुणी म्हणालं, "सर, एकदम म्हातारे दिसायलात." मी हरकत घेतली नाही.

मध्ये आफ्रीनचा फोन येऊन गेला. अजीजभाईंना हमीदानं कळवलं की कपास बच गया, तर पलीकडे चार-पाच जणांनी एकदम "शुक्र है" म्हटल्याचं ऐकू आलं. सुंदररावांना भाताचा निरोप दिला. ते म्हणाले की त्यांना ऐकू येत नाहीये, रेंज नाही.

शेवटचं गाठोडं टाकल्यावर मी जरा टेकलो. शेडमध्ये ऊन तिरपं आलं होतं. कापूस उन्हानं उबदार, मऊ, आणि कुठंही जळका वास नाही. मी पुन्हा पुन्हा हुंगून बघितलं. नाही. मग डोळे कधी मिटले ते कळलं नाही.

पुढचं हमीदानं मला घरी आल्यावर सांगितलं. मी कापसाच्या ढिगावर हातपाय पसरून घोरत होतो. दिवस कलला, परतायचं होतं, म्हणून ती मला हलवून उठवायला लागली. बाजूला धोंडीराम बसला होता. त्यानं तिचा हात थांबवला.

"झोपू द्या भाभी," तो म्हणाला. "लई बोललाय आज."